विज्ञान भाग १ चं जॉब कार्ड

मी टर्नर. कोल्हापुरात उद्यमनगरात दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन, एवढाच कारभार. जॉब रिजेक्ट होऊन परत आला की का आला ते वहीत लिहायचं, ही जुनी सवय. लेक यंदा दहावीला. सहामाहीत विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी २२ पडले, तेव्हा तीच वही तिच्या पेपरसाठी उघडली. मी शिक्षक नाही. स्वतः विज्ञानात काठावर सुटलेला माणूस आहे. रसायनशास्त्राचे धडे तिची मावशी बघते, त्यामुळे इथं फक्त भौतिकशास्त्र. घरात दहावीचं पोर असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय. आमचे जे दिवस वाया गेले, ते तुमचे जाऊ नयेत.

९ नोव्हेंबर

तपासलेला पेपर टेबलावर पसरला. गेलेले मार्क १८, त्यातले भौतिकशास्त्राचे १३. प्रत्येक मार्क का गेला ते लाल पेनानं बाजूला लिहिलं. एककात आणि आकडेमोडीत ४, आकृतीत ३, शास्त्रीय कारणांत २, वेळ संपला म्हणून सोडलेले ३. खरोखर येत नव्हता म्हणून गेलेला मार्क फक्त १.

मला वाटलं होतं पोरीला विषयच कळत नाही. शिकवणी बदलायच्या तयारीत होतो.

१० नोव्हेंबर

काल एवढं दिसूनसुद्धा आज मी सगळे बाप करतात तेच केलं. वेळापत्रक. पहाटे ५ ते ७ वाचन. ३२० रुपयांचं जाडजूड गाइड आणलं, ९० रुपयांचे रंगीत हायलायटर आणले. बायको म्हणाली, "पेपरात हायलायटर चालतोय व्हय?" मी ऐकलं नाही.

२४ नोव्हेंबर

दोन आठवडे पाण्यात. 'गुरुत्वाकर्षण' हा धडा चार वेळा वाचून झाला, पानं पिवळी-गुलाबी झाली. आज कोरा कागद पुढं ठेवला, पुस्तक माझ्या मांडीखाली घेतलं आणि म्हटलं, या धड्यात काय काय आहे ते लिही. सहा ओळी आल्या. केप्लरचे तीन नियम, त्यातला दुसरा अर्धवट. मुक्तिवेगाचं नुसतं नाव.

"पप्पा, वाचताना सगळं कळालं होतं की. मी चार वेळा वाचलो."

खोटं बोलत नव्हती. वाचताना कळतंच. ड्रॉइंग बघताना मलाही जॉब सोपा वाटतो, टूल लावल्यावर समजतं. गाइड कपाटावर टाकलं. आजपासून पद्धत उलटी केली: आधी कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, मग बालभारतीचं पुस्तक उघडून राहिलेलं हिरव्या पेनानं भरायचं. हिरवं जेवढं असेल तेवढाच उद्याचा अभ्यास. पहाटेचं वाचन बंद. ती संध्याकाळी सातनंतर बरी चालते, तर तेव्हाच.

पहिले तीन दिवस चिडचिड झाली. कोरा कागद बघून रडूही आलं. हे होतं, थांबवू नका.

१ डिसेंबर

उपग्रहाची उदाहरणं. पृष्ठभागापासून ३५,७८० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा क्रांतिक वेग (कक्षेत फिरत राहायला लागणारा वेग) काढायचा होता. पहिलं उत्तर आलं सेकंदाला ९७ किलोमीटर. कॅल्क्युलेटर नसल्यानं वर्गमूळ काढायला वीस मिनिटं गेली, आणि एवढ्या कष्टाचं उत्तर म्हणून त्याच्यावर विश्वासही बसला. मी विचारलं, पृथ्वीवरून कायमचं सुटायला किती वेग लागतो? "११.२." मग हा ९७ वाला उपग्रह अजून फिरतोय कशाला, कधीच पळून गेला असता. ती स्वतःच हसली. त्रिज्या किलोमीटरमध्येच ठेवली होती, मीटर केलेच नव्हते.

दुसऱ्यांदा ३.३४ आलं. हे जास्त फसवं, कारण दिसायला बरं दिसतं. यात उंची घेतली होती, पण पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर मिळवायची राहिली होती. आर अधिक एच म्हणजे पृथ्वीच्या मध्यापासूनचं अंतर, ४२,१८०. तिसऱ्यांदा ३.०८. बरोबर.

सहामाहीतलं उष्णतेचं उदाहरणही याच जातीचं. एच बरोबर आय वर्ग आर टी (उष्णता म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ) पाठ आहे, पण वेळ १० मिनिटं तशीच घातली, ६०० सेकंद केले नाहीत. उत्तर साठपटीनं कमी.

आता नियम असा: गणित सुरू करण्याआधी 'दिलेले' या मथळ्याखाली प्रत्येक राशी एककासकट लिहायची आणि तिथल्या तिथं मीटर, किलोग्रॅम, सेकंद करून घ्यायचं. आमच्याकडे मशीन चालू करण्याआधी व्हर्निअर शून्यावर आहे का बघतात, तसंच. पहिल्या आठवड्यात ती दहापैकी चार वेळा विसरली, दुसऱ्या आठवड्यात एकदा.

८ डिसेंबर

उष्णता. अप्रकट उष्म्याची (तापमान न वाढता बर्फाचं पाणी किंवा पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता) व्याख्या घडाघडा म्हणते, पण तापमानाच्या आलेखातली आडवी रेघ का आडवी, याला उत्तर नाही. म्हटलं घरीच करू. घरातला तापाचा थर्मामीटर काही कामाचा नाही, तो पस्तीसच्या खाली जातच नाही. शाळेला प्रयोगाचं सामान देणाऱ्या दुकानातून ११० अंशांपर्यंतचा काचेचा आणला, १४० रुपये.

पहिला प्रयोग फसला. फ्रीजमधले मोठे खडे स्टीलच्या मगात टाकून मग गॅसवर ठेवला. आकडे आले २, ५, ३, ७, काही मेळ नाही. थर्मामीटरचं टोक मगाच्या तळाला टेकलं होतं आणि आम्ही ढवळत नव्हतो. दुसऱ्यांदा बर्फ फडक्यात गुंडाळून वरवंट्यानं बारीक केला, गॅस मंद ठेवला, एकजण सतत ढवळायला आणि एकजण दर मिनिटाला वाचायला. आता सहा मिनिटं काटा शून्य-एकवरच. बर्फ संपला तसा चढायला लागला. "एवढा गॅस जळालाय, मग उष्णता गेली कुठं?" हा प्रश्न तिनं विचारला, मी नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, हे त्यानंतर तिला वेगळं पाठ करावं लागलं नाही.

पाणी उकळलं तेव्हा काटा ९८ वर थांबला. तिनं वहीत १०० लिहिलं. मी खोडायला लावलं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाणी थोडं आधी उकळतं. पेपरात १०० लिही, वहीत जे दिसलं ते लिही.

खर्च: १४० रुपये आणि एक रविवार. माझ्या मते सगळ्या मोहिमेतला सर्वांत कामी आलेला रविवार.

१५ डिसेंबर

विद्युत मोटर. शेजारच्या वाइंडिंगवाल्याकडून ६० रुपयांची इनॅमलची तांब्याची तार, जुन्या स्पीकरचा चुंबक फुकट, मोठा सेल आणि दोन सेफ्टी पिना घरच्याच. सेलभोवती तारेचे पंधरा वेढे घेतले, दोन्ही टोकं बाहेर काढून पिनांच्या भोकांत ठेवली.

हललीच नाही. तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारं आवरण, खरवडलं नव्हतं. मग दोन्ही टोकं चांगली चकचकीत खरवडली. आता वेटोळं एक झटका देऊन मागं-पुढं डुलायला लागलं, फिरेना. अर्धा तास चुंबक बदलला, सेल बदलला, पिनांना शिव्या दिल्या. वाइंडिंगवाला चहा प्यायला आला आणि बघून म्हणाला, "अहो, एका टोकाला निम्मंच खरवडायचं असतंय."

अर्धा फेरा झाला की वेटोळ्याच्या बाजू बदलतात, बल उलट्या दिशेनं फिरवायला बघतं आणि वेटोळं अडतं. एका टोकाची निम्मी बाजू न खरवडता ठेवली की त्या अर्ध्या फेऱ्यात धारा बंद, वेटोळं आपल्या वेगावर पुढं निघून जातं. दहा मिनिटांत भिरभिरायला लागलं. लेक ओरडली, "नाद खुळा!" पुस्तकातल्या मोटरमध्ये मात्र धारा नुसती बंद होत नाही, दिक्परिवर्तक ती उलटी करतो. हा फरक मी वेगळा लिहून घेतला, नाहीतर पेपरात आमच्या खेळण्याचं वर्णन लिहून यायची. दिक्परिवर्तक कशासाठी, हा प्रश्न आता तिच्यासाठी फुकटचे मार्क आहेत.

फ्लेमिंगच्या दोन हातांच्या नियमांचा (बोटांवरून बलाची किंवा धारेची दिशा काढायची) घोळ राहिला होता. त्यासाठी तिनंच जुळवलं: डाव्यानं चालवा, उजव्यानं उपजवा. डावा हात मोटरला, उजवा जनित्राला. तरी सरावात तीनदा चुकली. कारण सापडायला मला दोन दिवस लागले. उजव्या हातात पेन असतं! नियम उजव्या हाताचा असला तरी रिकामा हात डावा, म्हणून तोच वर जातो. आता पेन बाकावर ठेवल्याशिवाय बोटं उचलायची नाहीत. ही गोष्ट मला कुठल्या गाइडात दिसली नाही.

२९ डिसेंबर

माझी सर्वांत मोठी चूक. बर्फाचा प्रयोग जमल्यामुळं अंगात आलं होतं. करवीर तालुक्यातल्या पाहुण्यांचं गुऱ्हाळ चालू आहे, तिथं काहिलीत रस उकळताना तापमान कसं स्थिर राहतं ते दाखवू म्हटलं. थर्मामीटर लांब काठीला बांधला, पाहुण्यांना हाताशी घेतलं.

सुरुवातीला सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणं. मळी काढून झाली, रस खळखळायला लागला, काटा शंभरच्या आसपास. मी ऐटीत म्हटलं, बघ, आता हलणार नाही. रस आटत गेला तसा काटा १०२, १०४, १०७. ११० ला आमच्या थर्मामीटरची पट्टी संपली, घाबरून बाहेर काढला. गुळव्यानं तर अजून गूळ उतरवायचं नावही काढलं नव्हतं. तो हसून म्हणाला, "काचंचं काय खरं न्हाई. पाण्यात थेंब टाकून गोळी बघायची."

लेक परत येताना गाडीवर गप्प. मग, "पप्पा, पुस्तकातलं चुकीचं हाय काय?"

पुस्तक बरोबर आहे. स्थिर तापमानाची गोष्ट शुद्ध पाण्याची. रसात साखर आहे. पाणी उडून जाईल तसा रस दाट होतो आणि दाट रसाला उकळायला जास्त तापमान लागतं. पण हे मला तिथं काहिलीपाशी सुचलं नाही, रात्री तिच्या सरांना फोन केल्यावर कळलं. दोन दिवस ती अप्रकट उष्म्याचं प्रत्येक उत्तर अडखळत लिहीत होती. पेट्रोल २०० रुपये. मिळालं एवढंच की वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का, हे काहिलीवरच्या वाफेनं तिला समजावलं. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना ५४० कॅलरी हातावर सोडून जाते. आणि गरम गूळ खायला मिळाला.

परीक्षेच्या दोन महिने आधी पोरांना असले अपवाद दाखवू नका. मे महिन्यात दाखवा.

५ जानेवारी

पहिला पूर्ण पेपर, दोन तास, घड्याळ लावून. जागा: वर्कशॉपची केबिन, बाहेर लेथ चालू. मुद्दामच. त्या आवाजात लिहिता आलं तर वर्गात काय अवघड आहे?

४० पैकी २४. म्हणजे दोन महिन्यांत २ मार्क. माझं तोंड पडलं. पण लाल पेनानं लिहिल्यावर चित्र वेगळं दिसलं. एककात एकही मार्क गेला नव्हता. चौथा प्रश्न, ५ मार्कांचा, पूर्ण कोरा होता, वेळच उरला नव्हता. का? मोटरची आकृती काढताना २६ मिनिटं. छायाप्रकाश देऊन चुंबक रंगवला होता पोरीनं!

४० मार्क, १२० मिनिटं. मार्काला ३ मिनिटं. तीन मार्कांच्या प्रश्नाला आकृतीसकट ९. चौथा प्रश्न शेवटी न ठेवता तिसऱ्याच्या आधी सोडवायचा, हाही बदल केला. आकृतीच्या बाबतीत मी तिला आमचं एक ड्रॉइंग दाखवलं: त्यात शोभा काही नाही, पण एकही बाण, एकही नाव कमी नाही. किरणाला बाण नसेल तर तो किरण नाही, नुसती रेघ. रोज एक आकृती, ४ मिनिटं, पट्टी आणि एकच पेन्सिल.

१२ जानेवारी

भिंगं. चष्म्याच्या दुकानातून अधिक ४ डायॉप्टरचं सुटं भिंग ५० रुपयांना मिळालं. शक्ती ४, म्हणजे नाभीय अंतर (लांबच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जिथं पडते ते अंतर) २५ सेंटिमीटर. तपासायला भिंग फरशीवर धरून छताजवळच्या ट्यूबलाइटची प्रतिमा पाडली. २८ आलं. परत, २८. दुकानदारानं चुकीचं भिंग दिलं असं मी जाहीरही करून टाकलं.

चूक आमची. लांबची वस्तू पाहिजे होती, ट्यूब जेमतेम सव्वादोन मीटरवर. गच्चीवर जाऊन लांबच्या पाण्याच्या टाकीची प्रतिमा पुठ्ठ्यावर घेतली, बरोबर २५. दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली.

पण फसलेला प्रयोगच उदाहरण म्हणून कामी आला. वस्तूचं अंतर उणे २२५, नाभीय अंतर अधिक २५. सूत्रात घातलं, प्रतिमेचं अंतर आलं २८.१. विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट, उणे एक अष्टमांश. चार फुटी ट्यूब साधारण १२० सेंटिमीटर, म्हणजे प्रतिमा १५ असायला हवी. फरशीवर पट्टी लावली, १५! ट्यूबचं एक टोक काळं पडलंय, ते फरशीवर विरुद्ध बाजूला दिसत होतं. उणे चिन्हाचा अर्थ तिला तिथं दिसला.

याआधी चिन्हांचा गोंधळ असा व्हायचा की ती बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतरसुद्धा उणे घ्यायची, "सगळं उणेच असतंय" म्हणून. आता आधी छोटं चित्र, प्रकाश डावीकडून उजवीकडे, भिंगाच्या डावीकडचं अंतर उणे, उजवीकडचं अधिक. मगच सूत्र.

१९ जानेवारी

दुसरा पेपर २९. शास्त्रीय कारणांत बरेच मार्क गेले.

प्रश्न: थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात. तिचं उत्तर: कारण पाणी गोठते. दोनपैकी अर्धा. (आपल्याकडे नळ फुटतो तो रस्ता खोदल्यावर, त्यामुळं पोरांना हा प्रश्न परकाच वाटतो.) प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये ठेवली, सकाळी फुगून बूड गोल झालं होतं. मग मी प्रत्येक वाक्यावर "मग?" विचारत गेलो. ४ अंशांखाली पाणी आकुंचन न पावता प्रसरण पावतं. मग? गोठताना आकारमान आणखी वाढतं. मग? नळाच्या आत जागा नसते, दाब पडतो. मग? फुटतो. तीन "मग", चार ओळी, दोन मार्क. आता ती स्वतःच कुजबुजत "मग, मग" करत लिहिते. आजीला वाटतं पोरीवर ताण आलाय.

१ फेब्रुवारी

अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव. मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. ती म्हणाली, अभ्यासच आहे, जाऊ या. अडीच तास गर्दीत गेले, आत जाता आलं नाही. परत येताना महाद्वार रोडवर तिनं सांगितलं की क्षितिजावरचा सूर्य वातावरणातल्या अपवर्तनामुळं सुमारे अर्धा अंश वर उचललेला दिसतो, म्हणजे जवळजवळ त्याच्या स्वतःच्या व्यासाएवढा. मी विचारलं, मग? "मग तो खाली गेल्यावरही दोनेक मिनिटं दिसतोय." अडीच तासांची तक्रार मागे घेतली.

१० फेब्रुवारी

शाळेची पूर्वपरीक्षा झाली, ३१. त्यानंतर घरी एक पेपर ३३, त्याच्या पुढचा परत ३०. घसरला तेव्हा मी परत वेळापत्रक काढायला गेलो, बायकोनं वही ओढून घेतली. तीस आले त्या दिवशी पोरगी तापानं फणफणली होती, आणि मी लाल पेन घेऊन बसलो होतो.

मार्च, पेपरच्या आदल्या दिवशी

नवीन काही नाही. फक्त नोव्हेंबरपासूनचं हिरवं पेन वाचायचं. 'अवकाश मोहिमा' या धड्यातल्या कक्षांच्या उंच्या एकदा. साडेनऊला झोप.

मार्च, पेपरच्या दिवशी

बाहेर आली. मी प्रश्नपत्रिका मागितली.

"दिलो की पेपर. भाग २ झाल्यावर बघू, पप्पा."

लाल पेन खिशातच राहिलं.

खर्चाचा हिशेब: गाइड ३२०, हायलायटर ९०, थर्मामीटर १४०, तार ६०, भिंग ५०, सराव प्रश्नपत्रिका १५०, पेट्रोल २००. एकूण १,०१०, त्यातले पहिले ४१० वाया. सामान शेजारच्या नववीतल्या पोराला दिलं. मोटर सुटी करून दिली आणि टोकांचं सगळं नीट सांगितलं. संध्याकाळी तो परत आला: काका, नुसतीच डुलतीय. दोन्ही टोकं चकचकीत खरवडून आणली होती.